नशा करणाऱ्यांना समितीत घ्यायचंय? आधी बैठकीची वेळ बदला

काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं मला तिच्या समितीत घेतलं. बैठक सकाळी अकराला, सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कार्यालयात. मी तेव्हा नशा करत होतो आणि ते त्यांना माहीत होतं. त्यासाठीच तर घेतलं होतं. पहिल्या बैठकीत चहा आला, हजेरीची वही फिरली, इंग्रजीत छापलेले कागद वाटले गेले. ठराव लिहून झाल्यावर अध्यक्षांनी माझ्याकडं बघून विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" मी म्हटलं, "बरोबर आहे." तीन बैठका हेच झालं. चौथीला मी गेलो नाही. त्यांच्या वार्षिक अहवालात मात्र 'लाभार्थी प्रतिनिधी' म्हणून माझा फोटो छापून आला.

पुढं आम्ही काही जणांनी सोलापुरातच छोट्या प्रमाणावर काम सुरू केलं आणि तीच समिती स्वतः बांधायची वेळ आली. चुका आम्हीही केल्या. व्यसनमुक्ती केंद्र, एचआयव्ही प्रतिबंधाचा प्रकल्प किंवा वस्तीतली एखादी संस्था चालवणाऱ्या आणि 'ज्यांच्यासाठी काम करतो त्यांना निर्णयात घ्यावं' असं मनापासून वाटणाऱ्यांसाठी हा क्रम लिहितोय.

1. कुठला निर्णय सोडणार, ते आधी ठरवा

माणसं शोधण्याआधी कार्यकारिणीनं एकदा बसून एवढंच ठरवायचं: आजवर आपण घेत होतो असा कुठला निर्णय उद्यापासून या समितीचा असेल? 'सल्ला घेऊ' असं लिहू नका. सल्ला घेऊन बाजूला ठेवता येतो आणि आलेल्या माणसांना ते दुसऱ्याच बैठकीत कळतं. आमच्या एका सदस्यानं तोंडावर सांगितलं होतं, "ओ सर, सगळं ठरवूनच आलाव की, मग आमाला इचारून काय करताव?"

सुरुवातीला तीन गोष्टी सोडता येतात. केंद्र किती वाजता उघडायचं. केंद्रात काय सामान घ्यायचं. वस्तीत फिरणारा कार्यकर्ता नेमताना मुलाखतीला कोण बसायचं. यात सामानाचा निर्णय सर्वांत आधी सोडा. मुंबईत एका ठिकाणी मी सुया-सिरिंज वाटायचं काम करत होतो. वरून जाड सुयांची खोकी आली. मुलं घ्यायची आणि तिथंच टाकून द्यायची, आणि जुनी बारीक सुई दगडावर घासून पुन्हा वापरायची. खरेदी करणाऱ्यांनी दर पाहिला होता. शिरेत सुई घालणाऱ्या एकाला जरी आधी दाखवली असती तर खोकी वाया गेली नसती.

वरिष्ठ किंवा देणगीदार 'असं कुठं असतं का' म्हणाले, तर त्यांना अ‍ॅमस्टरडॅम सांगा. 1984 साली तिथं सुया बदलून देण्याचं काम सुरू झालं ते नशा करणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुढाकारानं. कावीळ-बी पसरत होती म्हणून. आपल्याकडं नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, प्रकल्पांतही 'पिअर एज्युकेटर' हे पद आहेच, म्हणजे त्यांच्यातलाच माहिती देणारा माणूस. पण त्या माणसानं फक्त वस्तीत फिरायचं, टेबलाशी बसायचं नाही, हा रिवाज आपणच पाडलेला.

2. कागदावरचे शब्द बदला

गर्दुल्ला, चरसी, गंजेटी, बेवडा. बोलताना आपण टाळतो, पण फाईलवर 'व्यसनाधीन लाभार्थी' लिहितो. त्यातलं 'लाभार्थी' मला जास्त बोचतं, कारण त्यात घेणारा हात खाली असतो. 'नशा करणारी व्यक्ती' किंवा नुसतं 'सदस्य' लिहा. रक्ताचा अहवाल 'क्लीन' आला असं म्हणू नका, मग बाकीचे घाण का? याहून जास्त वेळ या मुद्द्यावर घालवू नका. शब्दांची कार्यशाळा घेऊन संस्था दमून जाते आणि समिती राहून जाते.

3. माणसं निवडा, पण तुम्ही निवडू नका

एकटा माणूस कधीच घेऊ नका. दहा शिकलेल्यांत एक नशा करणारा म्हणजे तो शोभेचा, हे मी भोगलंय. निदान तिघं हवेत, आणि प्रत्येकाला एक पर्यायी सदस्य.

दुसरा सापळा म्हणजे 'यशोगाथा'. दहा वर्षांपूर्वी सोडलेला, नीटनेटका, भाषण करणारा माणूस सगळ्यांना आवडतो. तो असावा, पण त्याला आज कुठल्या अड्ड्यावर काय मिळतं, कुठली गोळी कशात मिसळतात, पोलीस कुठं उभे असतात, हे माहीत नसतं. आज नशा करणाराही हवा आणि ओएसटीवर, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनच्या उपचारावर, असलेलाही हवा.

आपल्या शहरात नशा एक नाही. शिंदी आणि हातभट्टी पिणारे वेगळे, गांजावाले वेगळे, खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या घेणारी पोरं वेगळी, स्टेशनजवळ सोल्युशन हुंगणारी लहान मुलं आणखी वेगळी. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, घेणारे तर या कुणाशीच बोलत नाहीत. अठरा वर्षांखालच्यांना समितीत घेऊ नका. त्यांचं म्हणणं वेगळ्या मार्गानं, बालसंरक्षणाचे नियम पाळून घ्या. बाकी गटांपैकी तुम्ही ज्यांच्यासाठी काम करता त्यांचाच माणूस हवा. दारू सोडलेला ज्येष्ठ माणूस सुई घेणाऱ्यांच्या वतीनं बोलू शकत नाही, उलट बऱ्याचदा तोच त्यांना जास्त हिणवतो.

भाषाही बघा. पूर्व भागात यंत्रमागावरचा माणूस घरी तेलुगू बोलतो, कुणी कन्नड, कुणी दखनी. मराठी सगळ्यांना समजते, पण भांडायची भाषा निराळी असते आणि समितीत भांडता आलं पाहिजे.

निवड अशी करा: केंद्रात येणाऱ्यांना बोलवा, समिती काय करणार ते सांगा आणि त्यांनाच नावं सुचवू द्या. लिहिता न येणाऱ्यांसाठी डब्यात खडे टाकून मतदान घ्या. मुदत एक वर्ष. निवडून आलेला माणूस तुम्हाला आवडला नाही तर निवडणूक बरी झाली असं समजा.

बायकांची वेगळी बैठक घ्या. नशा करणारी बाई उघड आली की नवरा, सासू, वस्ती, सगळे तिच्यावर तुटून पडतात. लेकरं काढून घेण्याची धमकी असते. पुरुषांसमोर ती बोलणार नाही. विडी वळणाऱ्या बायकांमध्ये काम करणारी एखादी ताई मध्यस्थ असली तर येतात, आणि आधी महिना-दोन महिने फक्त बसून जातात. बसू द्या.

4. वेळ, जागा आणि पाण्याचा दिवस

अकरा वाजता नोकरदार मोकळा असतो. यंत्रमागावरचा पाळीत असतो, हमाल बाजारात असतो, आणि गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढणारा सकाळचा डोस मिळेपर्यंत 'टर्की'त, म्हणजे नशा न मिळाल्याच्या त्रासात, असतो. अंग दुखतं, नाक-डोळे गळतात, अशात ठराव कसले ऐकणार? आम्ही बैठक संध्याकाळी साडेसहाला नेली तेव्हा हजेरी सुधारली. ओएसटीची गोळी सहसा केंद्रावर जाऊन, कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली विरघळवून घ्यावी लागते, तेव्हा त्या वेळेत बैठक ठेवू नका.

आणि नळाचा दिवस. सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. तुमची बैठक आणि त्या पेठेचा पाण्याचा दिवस एक झाला तर बायका येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. तारीख ठरवण्याआधी सदस्यांनाच विचारा. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत बैठक ठेवू नका. निम्मी माणसं तिथं स्टॉलवर किंवा हमालीवर असतात आणि उरलेली बंदोबस्त बघून घराबाहेर पडत नाहीत. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारच्या आधी कुणाला बोलावणं म्हणजे शिक्षा.

जागा पोलीस चौकीसमोरची नको. सरकारी रुग्णालयाच्या आवारातली शक्यतो नको. मंदिर-मशिदीचा हॉल फुकट मिळतो, तरी नको.

5. मानधन द्या, रोख द्या, त्याच दिवशी द्या

यावर सगळ्यात जास्त वाद होतो. "पैसे दिले तर नशाच करतील." करतीलही. तुमचा लेखापाल पगाराचं काय करतो ते तुम्ही विचारता का? बैठकीला आलेल्या माणसानं निम्म्या दिवसाची मजुरी सोडलेली असते. मजुरी बुडवून फुकट शहाणपण द्यायला फक्त पोट भरलेला माणूस येतो.

मानधन निदान तुमच्या भागातल्या अर्ध्या रोजाइतकं असावं, रिक्षाभाडं वेगळं. साबण, ब्लँकेट, किराण्याचं कूपन असं काही देऊ नका. कूपन निम्म्या किमतीत विकलं जातं आणि नुकसान त्याचंच होतं. 'पुढच्या महिन्यात खात्यावर जमा होईल' हेही चालत नाही. बऱ्याच जणांचं खातं बंद पडलेलं असतं, आधार कुणाकडं गहाण असतं, मोबाईल विकलेला असतो. साधं व्हाउचर करा, त्यावर सही किंवा अंगठा घ्या आणि ओळखपत्राची अट घालू नका. लेखापरीक्षक कुरकुर करतात, म्हणून रोख मानधनाचा ठराव कार्यकारिणीत आधीच करून ठेवा. नियम कागदावर असला की त्यांचीही अडचण सुटते.

नशेत आला म्हणून मानधन कापू नका. बैठकीत शिवीगाळ केली, मारामारी केली तर काय करायचं, तो नियम वेगळा. तो सगळ्यांना लागू करा, अध्यक्षांनाही.

6. गुप्तता: इथं चूक झाली तर माणूस तुरुंगात जातो

1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम 27 नुसार नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉईन, कोकेन, मॉर्फिन अशा पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत किंवा 10,000 रुपयांपर्यंत. शिंदी-हातभट्टीला दारूबंदीचा कायदा वेगळा लागतो. म्हणजे 'श्री. अमुक यांनी आपण गर्द घेत असल्याचे सांगितले' असं तुमच्या इतिवृत्तात आलं की तुम्ही त्याच्याविरुद्ध कागद तयार केलात.

म्हणून इतिवृत्तात नाव नको, 'सदस्य क्र. 3' लिहा. नाव आणि क्रमांकाची जोडी एकाच वहीत असावी, ती एकाच्याच कुलपात असावी आणि संगणकावर नसावी. कोण काय घेतो, कुठून घेतो, कुणाकडून घेतो, हे बैठकीत निघालं तरी लिहायचं नाही. फोटो अजिबात काढायचा नाही. कार्यक्रमाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची सवय मोडायला आम्हाला सहा महिने लागले, आणि दोनदा टाकलेला फोटो पुसून माफी मागावी लागली.

एचआयव्हीची स्थिती हा आणखी वेगळा विषय. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यात माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती सांगता येत नाही. समितीत 'पॉझिटिव्ह प्रतिनिधी' अशी खुर्ची ठेवू नका. खुर्चीनंच सगळं सांगून टाकलं जातं. याच कायद्याचं कलम 22 मात्र जवळ ठेवा. एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केलेलं काम, त्यात सुरक्षित सुया देणंही आलं, गुन्हा ठरत नाही, असं ते सांगतं. चौकीवर कुणी कार्यकर्त्याला अडवलं तर या कलमाची मराठी प्रत दाखवायला उपयोगी पडते.

2023 च्या ऑक्टोबरात चिंचोळी एमआयडीसीतला एमडीचा कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला. त्यानंतर आमच्याकडं बरीच माणसं येईनाशी झाली. आम्ही याद्या देतो अशी अफवा होती. आम्ही नावांची वही समितीसमोर उघडून दाखवली, कुठल्या कुलपात असते ते दाखवलं आणि किल्लीही समितीतल्याच एकाकडं दिली. हळूहळू माणसं परतली. पोलिसांशी बोलणं ठेवावं, ठेवायलाच हवं, पण यादी कधीच द्यायची नाही, हे समितीच्या पहिल्याच बैठकीत ठरावानं लिहून घ्या.

कुणी पकडला गेलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यांचा क्रमांक. कलम 27 खाली किंवा अल्प प्रमाणातल्या मालासाठी गुन्हा दाखल झालेला व्यसनी माणूस मान्यताप्राप्त ठिकाणी स्वखुशीनं उपचाराला तयार असेल, तर कलम 64-अ खाली त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे वकिलाला तुम्हीच सुचवा.

7. बैठक

आदल्या दिवशी सदस्यांना वेगळं भेटा आणि विषय वाचून दाखवा. अंदाजपत्रक असेल तर मोठ्या कागदावर काढा: शंभर रुपयांतले भाड्याला किती, पगाराला किती, सामानाला किती. एकदा असंच काढल्यावर एका सदस्यानं विचारलं, "फलकाला एवढं आणि ड्रेसिंगच्या पट्टीला एवढंच?" उत्तर कुणाकडं नव्हतं. पुढच्या तिमाहीत फलक कमी झाले.

विषयपत्रिकेतला पहिला विषय सदस्यांचा असू द्या. आमच्या पहिल्या बैठकीत तो होता संडासाची कडी. केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी ती काढून टाकली होती, कारण कुणी आत सुई घेऊन बेशुद्ध पडलं तर दार फोडावं लागलं असतं. भीती खरी होती. पण कडी नाही म्हणून बायका केंद्रात यायच्याच नाहीत आणि पुरुषही मागच्या बोळात जायचे, तिथं कुणी पडला असता तर कळलंही नसतं. तासभर वाद झाला. शेवटी आतून लागणारी पण बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येणारी कडी बसवायची, दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं करायचं, आणि दहा मिनिटांनी हाक मारायची, असं ठरलं. सुचवलं ते रेल्वे डब्यात सफाईचं काम केलेल्या एकानं. आम्हा 'तज्ज्ञां'ना हे सुचलं नव्हतं.

बैठक संपण्याआधी ठराव मोठ्यानं वाचा आणि मगच सह्या-अंगठे घ्या. समितीच्या प्रत्येक ठरावावर कार्यकारिणीनं पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. नाही म्हणायचं असेल तर कारणासह.

औषध किंवा सुया वाटणाऱ्या कर्मचाऱ्याला समितीचं अध्यक्ष करू नका. उद्याची गोळी त्याच्या हातात असेल तर आज त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? 'समितीत काहीही बोललं तरी सेवा थांबणार नाही' हे लिहून भिंतीवर लावा.

8. कुणी नशेत आला, कुणी आलाच नाही

थोडा चढलेला पण बोलू शकणारा माणूस बसू द्या. झोपला तर झोपू द्या, मात्र श्वासावर लक्ष ठेवा. हाक मारूनही उठत नसेल, ओठ निळे पडत असतील, श्वास अगदी मंद असेल, तर त्याला कुशीवर करा आणि 108 ला फोन लावा. आमच्याकडं हे एकदाच झालं; बैठक तिथंच थांबली. गर्दसारख्या नशेचा जादा डोस उतरवणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन कुठं मिळतं आणि कुठल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवता येतं हे आधीच विचारून ठेवा.

माणसं गायब होतील. कुणी आत जाईल, कुणी गावी जाईल, कुणी पुन्हा सुरू केलं म्हणून लाजेनं येणार नाही. पर्यायी सदस्य बसवा, पण मूळ सदस्याची जागा मुदत संपेपर्यंत रिकामी ठरवू नका. तीन बैठका गैरहजर राहिला की सदस्यत्व रद्द, हा नियम बहुतेक घटनांत असतो. या समितीसाठी तो काढून टाका.

9. विश्वस्त मंडळात घ्यायचं असेल तर

वर्षभर समिती चालली की हा प्रश्न येतोच. संस्थेची घटना वाचा. सदस्यत्वाला वर्गणी किती, शिक्षणाची अट आहे का, निवड कशी. अट आड येत असेल तर घटनादुरुस्ती करा. विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तिथं नाव-पत्ता उघड होतो, हे त्या माणसाला आधी सांगा. 'नशा करणारा प्रतिनिधी' असं अर्जात लिहायची कुठंही गरज नसते. काही उत्साही सचिव लिहितात.

फाईलमध्ये काय हवं

- समितीला कुठले निर्णय सोडले त्याचा कार्यकारिणीचा ठराव
- रोख मानधनाचा ठराव आणि व्हाउचर पुस्तक
- क्रमांकानुसार हजेरी आणि इतिवृत्त, मराठीत
- नावं आणि क्रमांकांची कुलपातली वही
- गुप्ततेचं हमीपत्र, ज्यावर कर्मचारी आणि विश्वस्तांच्या सह्या आहेत (सदस्यांकडून घेऊ नका, त्यांचंच गुपित आहे)
- एचआयव्ही कायद्याच्या कलम 22 ची आणि एनडीपीएसच्या कलम 64-अ ची मराठी प्रत
- 108, 15100, एड्ससाठी 1097 आणि व्यसनमुक्तीसाठी 14446, मोठ्या अक्षरांत, भिंतीवर

वर्ष संपलं की सगळे ठराव एका कागदावर काढा आणि प्रत्येकासमोर 'झालं' किंवा 'नाही' लिहा. आमच्या पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त 'नाही' होते. तो कागद आम्ही कडीवाल्या संडासाच्या दारावर चिकटवला. केंद्रात सगळ्यात जास्त वाचलं जातं ते तिथं.